आधी दोस्ती दाखवा, प्रेमाचं मागून पाहू

गावात समलिंगी पोरांवरचा सिनेमा दाखवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आपल्याकडं हे चालंन का?" असा कार्यक्रम पडतो तो विषयामुळे कमी आणि कच्च्या तयारीमुळे जास्त. निवड चुकलेली असते, खालच्या पाट्या (सबटायटल) वाचायच्या आत पळून जातात, डीजेच्या डब्यातून नुसती धडधड ऐकू येते, आणि सिनेमा संपला रे संपला की कोणीतरी माईक धरून अर्धा तास भाषण देतं. दर्यापूर, मूर्तिजापूर, आर्णी, घाटंजी अशा ठिकाणी जे लोक वाचनालय, अभ्यासिका, कॉलेजचं एनएसएस चालवतात आणि ज्यांच्या मनात हे करायचं आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

माझं ठाम मत आहे की सिनेमा निवडताना त्यातला दोस्त कसा आहे ते आधी पाहावं. दोन हजार वस्तीच्या गावातल्या सोळा वर्षांच्या पोराला प्रियकर मिळणं फार लांबची गोष्ट आहे. त्याला आत्ता, याच वर्षी, असा एक माणूस पाहिजे की ज्याला सांगितलं तर तो हसणार नाही आणि संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचणार नाही. आणि खोलीत चाळीस पोरं बसली असतील तर त्यातली बहुतेक समलिंगी नसतात. प्रेमकथेत त्यांना जागा सापडत नाही, पण दोस्ताच्या जागी त्यातला कोणीही स्वतःला ठेवून पाहू शकतो.

सुरुवात 'इन अ हार्टबीट'पासून करा. २०१७ सालचा, अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी केलेला चार मिनिटांचा ॲनिमेशनपट आहे, यूट्यूबवर मोफत आहे, आणि त्यात एकही संवाद नाही. एका शाळकरी मुलाचं हृदयच छातीतून उडी मारून बाहेर येतं आणि त्याला आवडणाऱ्या मुलाच्या मागे पळतं. हा ते लपवायला धडपडतो. शाळेच्या आत सगळी पोरं थांबून पाहायला लागतात, ओढाताणीत हृदय मधोमध तुटतं, आणि अर्धा तुकडा दुसऱ्या मुलाकडे राहतो. हा चित्रपट दोनदा दाखवा. पहिल्यांदा पोरं त्या उड्या मारणाऱ्या हृदयाला हसतात, हसू द्या. दुसऱ्यांदा ती गर्दी दिसते तिथे थांबवा आणि एवढंच विचारा, "या पोट्ट्यांनी काय केलं?" उत्तर येतं, "काहीच नाही, फक्त पाह्यलं." त्या 'फक्त पाह्यलं'वर थोडा वेळ शांत बसा. शेवटी तो दुसरा मुलगा शेजारी येऊन बसतो, ते काही समजावून सांगावं लागत नाही.

पूर्ण लांबीचा पहिला सिनेमा म्हणून मी 'द वे ही लुक्स' सुचवीन. ब्राझीलचा, दिग्दर्शक डॅनियल रिबेरो, २०१४. लिओनार्दो जन्मापासून आंधळा आहे. जिओव्हाना त्याची लहानपणची मैत्रीण, रोज शाळेतून त्याला घरापर्यंत सोडणारी. वर्गात गॅब्रिएल नावाचा नवा मुलगा येतो आणि तिघांची घडी विस्कटते. यात जिओव्हाना चिडते, रुसते, बोलणं टाकते, कारण तिला वाटतं आपल्याला बाजूला सारलं, आणि मग परत येते. आपल्याकडे समजूतदार मित्र म्हणजे जो कधीच चुकत नाही असं दाखवायची सवय आहे. इथे मैत्रीण चुकते आणि तरी मैत्रीण राहते, म्हणून पोरांना ती पटते. एवढा वेळ नसेल तर याच दिग्दर्शकाचा, याच पात्रांवरचा २०१० सालचा सतरा मिनिटांचा लघुपट आहे, तो घ्या.

हा सिनेमा आपल्याकडे एका ठिकाणी हमखास अडतो. शेवटाकडे वर्गातली टवाळ पोरं चिडवत असताना लिओनार्दो गॅब्रिएलचा हात हातात धरतो. तिकडच्या प्रेक्षकाला ते फार मोठं वाटतं. आपल्या बाजारात मात्र दोन पोरं गळ्यात हात टाकून, करंगळीत करंगळी अडकवून फिरतात आणि कोणी मान वळवून पाहत नाही. त्यामुळे आपली पोरं म्हणतात, "मंग त्यात काय हाय?" हे आधीच सांगून ठेवावं लागतं की त्या देशात पोरांनी असा हात धरला की लगेच नाव पडतं. आपल्याकडे हात धरल्याने नाव पडत नाही, ते पडतं चालण्यावरून, बोलण्यावरून, गणपतीत नाचण्यावरून. लागलेलं नाव मग लग्नाचं स्थळ येईपर्यंत चिकटून राहतं. ही तुलना पोरं स्वतःच पुढे नेतात, तुम्ही फक्त दार उघडून द्यायचं.

'क्लोज' हा २०२२ सालचा बेल्जियमचा सिनेमा फार मोठ्या ताकदीचा आहे. तेरा वर्षांचे दोन मित्र, एकाच्या घरची फुलशेती. शाळेत कोणीतरी सहज विचारतं, तुम्ही दोघं जोडी आहात का, आणि त्या एका प्रश्नाने मैत्री कुजायला लागते. शेतीतले हात, रोपं, घरच्यांचं राबणं पाहून आपल्या पोरांना ते घर ओळखीचं वाटतं. पण यात एक मूल जीव देतं. हा सिनेमा पहिला दाखवू नका, आणि एकट्याने पाहायला तर कोणाला पाठवूच नका. शेतकरी आत्महत्या ज्यांनी शेजारच्या घरात पाहिल्या आहेत त्या पोरांपुढे हा विषय हाताळायला तयारी लागते. एखादा समुपदेशक खोलीत हवा, आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, म्हणजे टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर फळ्यावर आधीपासून लिहिलेले हवेत.

मुलींसाठी 'शो मी लव्ह' आहे, स्वीडनचा, १९९८. कंटाळवाण्या छोट्या गावात अडकलेल्या दोन मुली. जगात जे काही नवं येतं ते आपल्या गावी पोचेपर्यंत जुनं झालेलं असतं ही त्यातली तक्रार कोणत्याही तालुक्याच्या मुलीला कळते. शेवटी दोघी चॉकलेटचं दूध ढवळत बसतात, एवढाच शेवट, पण दोघी जिवंत आणि हसत्या आहेत. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत असाच शेवट पाहिजे. ज्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखं कोणी पडद्यावर पाहिलं, त्याने ते मेलेलं पाहू नये.

आईवडिलांना बोलवायचं असेल तर परदेशी पोरांचे सिनेमे बाजूला ठेवा. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' मराठी आहे, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं मुख्य पारितोषिक मिळालं. त्यातली माणसं किशोरवयीन नाहीत, पण वडिलांच्या सुतकात गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचे नियम आणि 'लग्न कधी' हा नातेवाइकांचा भडिमार कोणत्याही आईला उलगडून सांगावा लागत नाही. त्यांचाच 'यू फॉर उषा' हा लघुपट शेतमजूर बाईवर आहे, बायकांच्या बैठकीला तो जास्त जवळचा.

आता भाषा. सगळ्यात जास्त कार्यक्रम इथेच बसतात. इंग्रजी पाट्या दोन सेकंदांत जातात. मराठी पाट्यासुद्धा सगळ्यांना त्या वेगाने वाचता येत नाहीत. त्यापेक्षा आपल्याकडे पोथी लावतात ती पद्धत घ्या, एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. सिनेमा चालू असताना एका माणसाने वऱ्हाडीत अर्थ सांगत जायचं. त्याने सिनेमा आधी किमान तीनदा पाहिलेला असावा आणि वहीत वेळ टाकून वाक्यं लिहिलेली असावीत. प्रत्येक वाक्य सांगू नये, तीनातलं एक पुरतं. पात्रं गप्प असतात तिथे त्यानेही गप्प बसावं. मुलीचं वाक्य बारीक आवाजात म्हणू नये, तिथे हशा पिकतो आणि मग पूर्ण सिनेमा हशावर जातो. "हा काऊन रडून राह्यला" असं सरळ, घरच्या आवाजात. पडद्यावर शिवी येते तिथे तिला गुळगुळीत करू नका. 'बायल्या' म्हणतात तर 'बायल्या' म्हणा, कारण तो शब्द खोलीतल्या कोणीतरी त्याच आठवड्यात ऐकलेला असतो. अर्थ सांगणारा पडद्याशेजारी उभा राहिला तर लोक त्याच्याकडेच पाहतात, म्हणून त्याला सगळ्यात मागे बसवा.

तरीही पाट्या करायच्याच असतील तर 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण पस्तीस अक्षरं, आणि पाटी सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की बऱ्याच टीव्हींवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात किंवा वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून लॅपटॉपवरून व्हीएलसीने चालवा आणि त्यात देवनागरी फॉन्ट निवडून ठेवा. पाट्या सुरुवातीला जुळतात आणि पुढे पुढे मागे पडतात, असं झालं तर दोष भाषांतराचा नसतो. चित्रपट सेकंदाला २५ चौकटींचा आणि पाट्या २३.९७६ च्या हिशेबाच्या, एवढ्याने शंभर मिनिटांत चार मिनिटांचा फरक पडतो. याच सॉफ्टवेअरमध्ये तो गती बदलून दुरुस्त होतो.

बाकी सामान थोडकं. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर, आठ फूट रुंद पडदा, साधारण बारा फूट अंतर. पातळ चादरीतून उजेड पार जातो, दुहेरी घ्या. फ्लेक्सची चकाकती बाजू मध्येच पांढरा डाग पाडते, उलटी बाजू वापरा. दोन छोटे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि बेस अगदी कमी करा. वेळ दुपारी बाराची ठेवा आणि खिडक्यांना ताडपत्री लावा. संध्याकाळी ठेवलात तर मुली येणार नाहीत, आणि बाहेरगावच्या पोरांची शेवटची एसटी चुकेल.

परवानगीचं आधी पाहा. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात दाखवणं नियमात बसत नाही. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात, फक्त तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक प्रेक्षक असतील तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट आहे. गावात जाहीर दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही पाहिजेत. लघुपटांच्या बाबतीत थेट दिग्दर्शकाला मेल टाका. प्रेक्षक अठराच्या खालचे असतील तर पालकांना कळवा आणि उघड लैंगिक दृश्यं असलेला सिनेमा निवडूच नका.

सिनेमानंतरची चर्चा गाडगेबाबांच्या कीर्तनासारखी चालवा. बाबा प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. प्रश्न पात्रांबद्दलच विचारा. "तुमच्यात असा कोणी आहे का?" हा प्रश्न कधीही, कोणत्याही आवाजात विचारू नका. उत्तर देणाऱ्याचं गावात राहणं अवघड होतं, आणि अठराखालच्या मुलाने आपल्यासोबत लैंगिक काही घडल्याचं सांगितलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. चर्चेत "हे बरं होतं का?" असा प्रश्न नक्की येतो, कारण घरचे पोराला आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात नेतात. उत्तर तयार ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'बदलवण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही, तेही स्पष्ट सांगा. ज्याला आणखी बोलायचं आहे त्याच्यासाठी नागपुरात सारथी ट्रस्ट काम करते.

शेवटचं मोबाइलचं. ज्या पोरासाठी हे सगळं करायचं तो बहुतेक वेळा कार्यक्रमाला येतच नाही. तो रात्री पांघरुणात, एका कानात इअरफोन घालून, घरच्या सामाईक मोबाइलवर पाहतो. म्हणून कार्यक्रमाच्या ग्रुपवर सिनेमाची लिंक टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत पोस्टरचं चित्र आपोआप येतं आणि ते त्याच्या भावाला आधी दिसतं. नुसतं नाव देवनागरीत लिहा. यूट्यूबवर पाहायचं तर इनकॉग्निटो चालू करून पाहावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आईच्या भजनांमध्ये तसलेच व्हिडिओ सुचवलेले येतात. ओटीटीवर वेगळा प्रोफाइल करून त्याला पिन लावावी, आणि अर्धा राहिलेला सिनेमा 'पुढे पाहा'च्या यादीतून काढून टाकावा. घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि त्यावर तेच खातं चालू असेल, तर मोबाइलवर पाहिलेलं टीव्हीवरही दिसतं. हे पोरांना माहीत नसतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला "मोबाइल आणि खासगीपणा" म्हणून दहा मिनिटं सगळ्यांनाच शिकवा, कोणाकडेही न पाहता. मुलींना ते त्यांच्या कारणासाठी लागतं, पोरांना त्यांच्या, आणि ज्याला खरंच लागतं तो गर्दीत बसून लिहून घेतो.