सहलीचा घाट

चार-पाच दिवसांच्या सहलीचा घाट घालणाऱ्याने आधी सह्याद्रीची रचना नीट समजून घ्यावी आणि मगच घरच्यांना 'तुम्हाला कुठे जायचंय?' असे विचारावे. सह्याद्री पूर्वेकडून हळूहळू चढत येतो आणि पश्चिमेकडे एकदम कोसळतो, हे आपण सर्वांनी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की कोकणातून देशावर किंवा देशावरून कोकणात मनाला येईल तिथून गाडी नेता येत नाही. जिथे खिंड सापडली आणि माणसाने रस्ता खोदला, तिथूनच जावे लागते. आमच्या घरातील प्रत्येकाचे मन मात्र नेमके दुसऱ्याच्या मनाच्या पलीकडच्या उतारावर रमते.

पत्नीला कासचे पठार पाहायचे होते, म्हणजे घाटमाथा. आईला हरिहरेश्वरला कुलदैवताचे दर्शन घ्यायचे होते, म्हणजे थेट समुद्रकिनारा. चिरंजीवांना रायगड चढायचा होता, म्हणजे पुन्हा कोकण. ताईला फक्त गाडीत पुढची सीट हवी होती, त्याविषयी पुढे सांगेन. आणि भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, नाणेघाट पाहायचा होता. कागदावर मी ही ठिकाणे जोडली, तेव्हा गोधडीला टाके घालताना सुई जशी खाली-वर होते तसा आमचा रस्ता डोंगरावर चढत होता आणि उतरत होता. यांतील नाणेघाट वगळला असता तर निम्मे चढ-उतार वाचले असते, कारण तो आमच्या मुलुंडहून पूर्वेला आहे आणि बाकीची सर्व ठिकाणे दक्षिणेला. पण नाणेघाट जावयाने सुचवला होता. मराठी घरात एक वेळ दरड कोसळलेला रस्ता ओलांडता येतो, जावयाचा शब्द ओलांडता येत नाही.

नाणेघाटाबद्दल माझे वैर नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेने चढत असे. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे, ज्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत असे सांगितले जाते. फास्टॅगचा हा मूळपुरुष पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. अडचण एवढीच, की मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून तो घाटमाथा डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि गाडीला मात्र तिथे पोहोचण्यासाठी माळशेजचा पूर्ण घाट चढून, जुन्नरच्या बाजूला वळून, घाटघरवरून मोठा वळसा घालून यावे लागते. सातवाहनांचे बैल जिथे सरळ चढत, तिथे आमच्या सात आसनी गाडीला अर्धा दिवस हवा.

रस्ता कसाबसा ठरल्यावर तारखांचा प्रश्न आला. कासला फुलांचा बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, त्यावर महिनोन्‌महिने पडणारा पाऊस आणि मग एकदम फुलांचे गालिचे, असा तो प्रकार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या जागांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हे पठारही आहे. हे सर्व पत्नीने आईला समजावून सांगितले. आईने पंचांग उघडले. सप्टेंबरमध्ये आधी गणपती, तेव्हा घर सोडता येत नाही. पुढे नवरात्र, तेव्हा घट बसलेले असतात. मधल्या रिकाम्या जागेत जे दिवस येतात, त्यांना पितृपक्ष म्हणतात.

"पितृपक्षात कुणी फिरायला जातं का?" आई म्हणाली.

कासच्या फुलांना पंचांग कळत नाही, हे पत्नीचे उत्तर योग्य होते, पण सासूला देण्यासारखे नव्हते. दोन दिवस घरात त्या विषयावर मौन पाळले गेले आणि मग काका आले.

काका एसटीत चालक होते. निवृत्तीनंतरही घाट हा शब्द कानावर पडला की त्यांचा डावा हात गिअर शोधू लागतो. त्यांनी माझा कागद चष्मा न लावता वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवणार?" मी, असे मी सांगितले. काकांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिले. त्यानंतर मला जे ऐकवण्यात आले, ते प्रत्येक वाहनचालकाने ऐकावे असे असल्यामुळे इथे लिहितो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला काका माणसात धरत नाहीत, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न द्यायचा आणि समोरून हॉर्न आला तर थांबायचे. नकाशा चाळीस किलोमीटरला किती वेळ दाखवतो याकडे लक्षच द्यायचे नाही, कारण समोर भरलेला ट्रक लागला की ते चाळीस किलोमीटर त्या ट्रकचे असतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना तेवढ्याच अंतरात गाडी तेराशे मीटरच्या आसपास खाली येते, हे सांगताना काकांनी हाताने जी वळणे दाखवली, ती पाहूनच ताई उठून खिडकीपाशी गेली.

ताईला गाडी लागते. डोळे पुढच्या सीटची स्थिर पाठ पाहतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण गरगरतो आहोत. या दोघांचे भांडण पोट सोडवते. म्हणून पुढे बसून दूरवर पाहावे, मोबाईल पाहू नये, असे सांगतात. ताईने त्याचा एवढाच अर्थ घेतला आहे की पुढची सीट तिची. परंतु आईचे गुडघे मागे दुमडत नाहीत, त्यामुळे पुढची सीट आईची. भाऊजी जावई असल्यामुळे पुढची सीट त्यांची. आणि मला सूचना देण्याची सोय व्हावी म्हणून पुढची सीट काकांची. होय, एव्हाना काकाही येणार, असे ठरले होते. एका सीटवर चौघांचा रास्त हक्क असल्यामुळे घाटांची वाटणी झाली. माळशेज भाऊजींना, आंबेनळी ताईला, सपाट रस्ता आईला आणि पाऊस लागला तर काका. ताईने आवळासुपारी, आलेपाक, लिंबे आणि कागदी पिशव्यांचा एक गठ्ठा यांची सोय आतापासूनच करून ठेवली आहे.

पितृपक्षाचा तिढाही काकांनीच सोडवला. हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात आणि लोक तिथे पितरांचे विधी करायला जातात, हे त्यांनी आईला आठवून दिले. आजोबांची तिथी सप्तमी. "या वर्षी वडिलांचं श्राद्ध तिथेच करू," काका म्हणाले, आणि आमच्या सहलीला क्षणात धर्माचे अधिष्ठान मिळाले. आईचा विरोध मावळला. एवढेच नव्हे, तर ज्या घराने आठवडाभर माझ्या कागदाला जुमानले नव्हते, ते घर आता गुरुजींच्या फोनप्रमाणे हलू लागले. सप्तमी बुधवारी येत होती. त्यावरून मागे मोजत रायगड मंगळवारी, महाबळेश्वर सोमवारी, कास रविवारी असा हिशेब लागला. पण कासला दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि त्या रविवारची जागा संपली होती. मग कास सोमवारी आणि महाबळेश्वर फक्त गाडीतून. भाऊजींनी महाडला मासे खाण्याचा बेत फार पूर्वीपासून मनात धरला होता; श्राद्धाच्या आदल्या दिवशी मासेच काय, कांदा-लसूणही चालणार नाही, हे कळल्यावर त्यांनी प्रथमच नाणेघाटापेक्षा गंभीर चेहरा केला.

मध्येच एके सकाळी बातमी आली की दरडीच्या धोक्यामुळे वरंध घाट बंद केला आहे. वरंध आमच्या रस्त्यात कुठेही नव्हता. तरीही घरात दिवसभर पर्यायी मार्गांवर चर्चा झाली. आंबेनळीही बंद झाला तर साताऱ्याहून पुण्याकडे मागे फिरून ताम्हिणीने माणगावला उतरायचे, की कऱ्हाडकडून कुंभार्लीने चिपळूणला उतरून पुन्हा उत्तरेला यायचे? काका कुंभार्लीच्या बाजूने होते, कारण त्या घाटातल्या एका टपरीवरचा चहा त्यांना अजून आठवतो. टपरी अद्याप आहे का, हे विचारण्याचा धीर कुणाला झाला नाही.

राहिली होती फक्त माझी रजा. अर्जावर मी कारण लिहिले : आजोबांचे श्राद्ध, हरिहरेश्वर. दुर्दैवाने आमच्या साहेबांचे गाव श्रीवर्धन तालुक्यातले आहे.

"मुलुंडहून दोनशेएक किलोमीटर," ते म्हणाले. "सकाळी निघालात तर संध्याकाळी परत याल. रजा इतकी कशाला? कुठल्या रस्त्याने जाताय?"

"माळशेजवरून," मी म्हणालो.

साहेबांनी पेन खाली ठेवले. "हरिहरेश्वरला? माळशेजवरून?"

"सोबत जावई आहेत."

साहेबांनी पेन उचलले आणि पुढे एकही प्रश्न न विचारता सही केली.