"फोटोग्राफीचा धंदा संपला" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा पण फिरतोय. थोडक्यात असा: सगळ्यांकडे भारी मोबाईल आलेत, गल्लीगल्लीत फोटोग्राफर झालेत, टिकायचं असेल तर रेट पाडा, नवीन कॅमेरा बॉडी घ्या, रील टाकून फॉलोअर्स वाढवा, नाहीतर शटर ओढा. नवीन पोरं हे वाचून घाबरतात आणि खरंच रेट पाडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मोबाईलने धंदा खाल्ला, हे अर्धं खरं आहे. आधारला फोटो तिथेच काढतात, पासपोर्ट सेवा केंद्रात पण मोठ्यांचा तिथेच काढतात, त्यामुळे पासपोर्ट साईजवर चालणारे स्टुडिओ बसले आणि ते काम परत येणार नाही. पण लग्नात काय होतं ते बघा ना. शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो, चारी बाजूंनी अक्षता उडतात, फोकस नवरीच्या चेहऱ्यावरून सुटून हवेतल्या तांदळावर जातो, मागे एलईडी वॉल लखलखत असते, सायलेंट (बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक) शटर चालू राहिला असेल तर फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी आतेभाऊ मोबाईल वर करून मधे उभा राहतो. ज्याने हे काम मन लावून केलंय तो शेवटच्या मंगलाष्टकालाच जागा धरून असतो, मेकॅनिकल शटरवर आलेला असतो आणि त्या आतेभावाला आधीच गोड बोलून बाजूला केलेलं असतं. भारी मोबाईलमधल्या एक इंची सेन्सरपेक्षा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप) फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ सात पटींहून जास्त असतं हे आहेच, पण खरा फरक या तयारीचा आहे.

आता रेट पाडा हा सल्ला, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हिशोब करून बघा. समजा 40 हजारांची ऑर्डर आहे, आणि कँडिडवाला (पोझ न देता सहज क्षण टिपणारा), व्हिडिओवाला, एडिटिंग, अल्बम, गाडी मिळून 28 हजार जातात. हातात राहिले 12. स्पर्धा आहे म्हणून तुम्ही 32 हजार सांगितले, तर खर्च तेवढाच राहतो आणि हातात उरतात 4. सूट दिली 20 टक्के, कमाई उरली एक तृतीयांश! तेवढेच पैसे मिळवायला तीन लग्नं करा, आणि ती कधी करणार, मोठा मुहूर्त असला की सगळी लग्नं त्याच दिवशी असतात. मग खर्च कापायला अल्बम हलका होतो, दुसरा माणूस कमी होतो, आणि पुढच्या वर्षी त्या घरातलं दुसरं लग्न दुसऱ्याकडे जातं.

आणि गर्दी म्हणताय ती नक्की कुठे आहे? फोटो काढणाऱ्यांची आहे, शब्द पाळणाऱ्यांची नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी लग्नानंतर बाळाचं बारसं झालं तरी अल्बम आला नव्हता, फोन केला की "लॅबला गेलाय". अशा घरातल्या लोकांना स्वस्त माणूस नको असतो, तारीख लिहून देणारा हवा असतो. एका कागदावर लिहून द्या: किती माणसं येणार, निवडायचे फोटो कधी देणार, अल्बमची पानं किती, ॲडव्हान्स किती, कार्यक्रम पुढे ढकलला तर काय. फोटो तुमच्या पेजवर टाकायची परवानगी पण त्यातच घ्या, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं.

नवीन बॉडी? हप्त्यावर घेऊ नका, एवढंच सांगेन. बघायचंच तर मेमरी कार्डचे स्लॉट किती ते बघा. 2018 ला निकॉन झेड 6 आणि कॅनन ईओएस आर हे कॅमेरे आले तेव्हा दोन्हीत एकच स्लॉट होता आणि लग्नवाल्यांनी त्यावरूनच बोंब मारली, 2020 ची झेड 6 टू दोन स्लॉट घेऊन आली. एक कार्ड गेलं तर दुसऱ्यावर लग्न वाचतं. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्या जागी. हे ग्राहकाला तोंडाने सांगा, समोर उघडून दाखवा, त्यावर ऑर्डर मिळते.

फॉलोअर्सचं म्हणाल तर रील जरूर टाका, वाईट काही नाही. पण साताऱ्यातल्या लग्नाची ऑर्डर दिल्लीतल्या लाईकने येत नाही. मंगल कार्यालयाचा मॅनेजर, मेकअपवाली ताई, डेकोरेशनवाला, हे लोक नाव सुचवतात. मेकअपवाल्या ताईला तिच्या कामाचे चार नीट फोटो दुसऱ्याच दिवशी पाठवा, तिच्या पेजवर तुमचं नाव लागतं आणि पुढची नवरी तिथूनच येते.

"सीझन संपला की हात रिकामे" हे पण मेसेजच्या शेवटी आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतात, बरोबर. पण चाकण-भोसरीच्या कारखान्यांना मशिनचे, सुट्या भागांचे फोटो पावसाळ्यात पण लागतात, पैठणी विकणाऱ्यांना दिवाळीआधी लागतात. चकचकीत स्टीलवरचं रिफ्लेक्शन मारायला आणि जरीचा खरा रंग पकडायला लाईटचं काम यावं लागतं, आणि तिथे रांगेत फार कमी लोक उभे आहेत. या आषाढात पाच-सहा नमुने काढा आणि फाईल घेऊन स्वतः कारखान्याच्या गेटवर जा.