येताना तिकडच्या गोळ्या आण

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सध्या मुक्काम मँचेस्टर, मांडीवर पाच महिन्यांचं लेकरू. पुढच्या महिन्यात गावी जायचंय तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच लकडा लागलाय, वहिनीला चौथा महिना सरून पाचवा लागतोय, येताना तिकडच्या गरोदरपणाच्या चांगल्या गोळ्या आण. आईचं म्हणणं सरकारी लोहाच्या लाल गोळीनं मळमळते अन् शी काळी होते, दादा मेडिकलमधून साडेआठशेचा प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आलाय, आणि आत्या म्हणते, "आमच्या वख्ती काय होतं वं, भाकर अन् जवसाची चटनी खाऊन सात लेकरं झाली." (सातातली पाच जगली, ते ती सांगत नाही.)

मग मी माझाच गरोदरपणातल्या गोळ्यांचा डबा उलटा करून वाचला. लोह 17 मिलिग्राम. आणि आशाताई वहिनीला फुकट देऊन जाते त्या लाल गोळीत 60 मिलिग्राम, वर 500 मायक्रोग्राम फॉलिक ॲसिड. म्हणजे मी पाउंड मोजून, विमानातून, तिच्यासाठी तिसरा हिस्साही लोह नेणार नाही! इकडं लोह सरसकट सगळ्यांना देतच नाहीत ना, सुरुवातीच्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 11 च्या खाली आणि नंतर 10.5 च्या खाली गेलं की मग देतात, सगळ्यांना सांगतात ते 12 आठवड्यांपर्यंत 400 मायक्रोग्राम फॉलिक आणि 10 मायक्रोग्राम व्हिटॅमिन डी, कारण इथं हिवाळ्यात सूर्य नावालाच. आपल्याकडे 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, निघाला. मग माझा डबा तिच्या काय कामाचा?

शी काळी होते ती लोहानंच, त्यात घाबरायचं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घे म्हटलं. खरी गोम वेगळीच निघाली, वहिनी गोळी चहासोबत घ्यायची आणि कॅल्शियमची पण तेव्हाच, एका घोटात काम खतम. चहानं लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियम तर दोन तास लांबच पाहिजे. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घे म्हटलं तर म्हणे ताई हे कोणी सांगितलंच नाही. आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते ती गोळी, पण आमच्याकडे लेकरू झालं की पाकीट कोनाड्यात जातं आणि डिंकाचे लाडू सुरू. लाडू खा की, अळीवही खा, पण त्यांनी गोळीची भरपाई होत नाही.

पावडरचं तर बोलूच नका. डब्यामागं साखर दुसऱ्या नंबरवर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्येच सांगितलंय की कुपोषण असलेल्या भागातसुद्धा गरोदर बायकांना जास्त प्रोटीनचे डबे देऊ नका. साडेआठशेत शंभरेक अंडी येतात. घरात माळ आहे, अंडं चालत नाही, ठीक, मग दूध-दही वाढवा आणि डॉक्टरला बी12 चं विचारा, ते भाकरीत-वरणात नसतंच आणि आईत कमी असलं की तिच्या दुधातही कमी. दूध वाढवायची पावडर म्हणून अजून एक डबा तयारच आहे म्हणे. बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं, एवढं मी पाच महिन्यांत पक्कं शिकले.

पण इकडची एक गोष्ट मात्र बॅगेत भरून न्यावीशी वाटते, ती म्हणजे गोळीच्या आधी रक्ताची तपासणी. माझी सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी पहिल्याच भेटीत झाली. आपल्या विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे मी सांगायला नको, आणि ज्या बाईला तो आजार आहे तिचं हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लोहाचा मारा करून चालत नाही, आधी शरीरात लोह खरंच कमी आहे का ते बघतात आणि फॉलिकचा डोसही तिला मोठा लागतो. नुसती वाहक असली, म्हणजे स्वतःला आजार नाही पण लेकराकडे जाऊ शकतो, तर तिचं लोह बाकीच्यांसारखंच चालू राहतं, पण मग नवऱ्याचंही रक्त बघावं लागतं, कारण दोघंही वाहक असले तर लेकराला आजार होऊ शकतो. 2023 पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, तरी आमच्या वहिनीची तपासणी राहिली होती. परवा आशाताईसोबत जाऊन आली, वाहक निघाली. आता दादाला पाठवायचंय. काल फोनवर म्हणतो, "मले कायले टोचता, लेकरू काय माह्या पोटात हाय का?"