तुमच्या जिनिव्हात

आमचा संजूदादा पुण्यात असतो आणि जगाचे प्रश्न रात्री साडेदहानंतर घरच्या ग्रुपवर सोडवतो. मागच्या आठवड्यात त्याने लिहिलं, "बळी तो कान पिळी, बाकी सगळ्या गप्पा. नियम, ठराव, शांतता, सगळं करून बघितलंय लोकांनी. राष्ट्रसंघाचं काय झालं? मुसोलिनीने ॲबिसिनिया गिळला आणि तुमच्या जिनिव्हात कागद रंगवत बसले होते." खाली मामाचा अंगठा, मावशीचे तीन अंगठे आणि आईचं "बरोबर आहे रे बाळा".

आईचं मी मनावर घेत नाही, ती सगळ्यांनाच बरोबर म्हणते. मला लागलं ते "तुमच्या". मी जिनिव्हात राहते. राष्ट्रसंघ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना, इथलीच; आणि ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया.

दादा-वहिनी चार वर्षांपूर्वी आले होते तेव्हा मीच त्यांना ट्रामने नासिऑंला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसमोरच्या चौकात, नेलं होतं. तिथल्या मोडक्या पायाच्या अवाढव्य खुर्चीच्या शिल्पाखाली फोटो झाले. मग दादाने झेंड्यांपलीकडच्या पॅलेसकडे, राष्ट्रसंघासाठी बांधलेल्या इमारतीकडे, बोट करून वहिनीला सांगितलं, "इथेच तो हैले सेलासी भाषण करत होता आणि हे ऐकत बसले होते." हैले सेलासी म्हणजे ॲबिसिनियाचे सम्राट. मी तेव्हाही म्हटलं होतं की इथे नव्हे. 1936 च्या जूनमध्ये पॅलेसचं सभागृह तयारच नव्हतं. सभा भरायची ती खाली गावात, मतदानासाठी बांधलेल्या एका इमारतीत. ती 1964 मध्ये जळाली. आज तिथे युनि द्यूफूरचा, म्हणजे विद्यापीठाच्या इमारतीचा, काँक्रीटचा ठोकळा आहे आणि समोर मुलं सायकली लावून सिगरेटी ओढत बसतात. दादाला ते बघायचं नव्हतं, त्याला शोकोला, म्हणजे चॉकलेटं, घ्यायची होती.

तर दादाचं म्हणणं, संघ दुबळा होता. शाळेच्या पुस्तकात आम्हीही तेच पाठ केलं: राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे, पाच गुण, स्वतःचे सैन्य नव्हते. पण तारखा बघा. 3 ऑक्टोबर 1935 ला इटलीचं सैन्य ॲबिसिनियात घुसलं आणि 7 तारखेला संघाच्या कौन्सिलने इटलीला आक्रमक ठरवलं. चार दिवस! दादाच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर मीटिंगची नोटीस लागायला यापेक्षा जास्त वेळ जातो. मग 54 पैकी 50 देश इटलीच्या विरोधात उभे राहिले आणि 18 नोव्हेंबरला निर्बंध लागूसुद्धा झाले. त्या पन्नासात भारत होता. गुलाम असूनही आपण संघाचे सदस्य होतो, प्रतिनिधी अर्थात इंग्रज सरकारने निवडलेले. म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातला देश इटलीला बजावत होता की दुसऱ्याचा देश ताब्यात घेऊ नकोस. यावर हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी गंमत निर्बंधांच्या यादीत आहे. इटलीला शस्त्रं, कर्ज, रबर, कथील द्यायचं नाही. ओझ्याची जनावरं द्यायची नाहीत: घोडे, खेचरं, गाढवं, उंट. अगदी नावानिशी. तेल मात्र यादीत नाही, कोळसा नाही, पोलाद नाही. रणगाडे, ट्रक आणि विमानं घेऊन निघालेल्या माणसाला गाढव विकायला बंदी! सुएझ कालवा तर उघडाच राहिला. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं टोल भरून इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तिथून गेली. तेल बंद केलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याचं हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवलंय.

मग तेल का बंद केलं नाही? अमेरिका संघात नव्हती, ती विकत राहील ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण मोठं कारण वेगळं. लंडन आणि पॅरिसला हिटलरच्या विरुद्ध मुसोलिनी हवा होता. एप्रिलमध्येच इटलीतल्या स्त्रेसाला ब्रिटन, फ्रान्स आणि इटली अशा तिघांनी बसून एकजुटीच्या आणाभाका घेतल्या होत्या. एका आफ्रिकी राज्यासाठी ती मैत्री कोण मोडणार? डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी गुपचूप तोड काढली की ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीला द्यायचा आणि सम्राटाला बदल्यात समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी. लंडनच्या टाइम्सने तिला उंटांची वाट म्हणून हिणवलं. गुपित फुटलं, होर यांना राजीनामा द्यावा लागला, पण मुसोलिनीला जे कळायचं ते कळलं होतं.

आणि ज्यांनी स्वतः अर्धं जग असंच घेतलेलं, त्यांना ही चोरी मनापासून चोरी वाटणार तरी कशी? 1919 मध्ये संघाचा करार लिहिताना जपानने वंशांच्या समानतेचं कलम घाला म्हटलं. 17 पैकी 11 मतं बाजूने पडली, तरी एकमत नाही म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी ते बाजूला सारलं. पुढे 1931 मध्ये त्याच जपानने चीनचा मांचुरिया घेतला, तो भाग निराळा. दुबळं कोणी नव्हतं, दादा. दंडुका हातात होता, फक्त ज्याच्या पाठीत घालायचा तो घरचा वाटत होता.

ॲबिसिनियात विमानांतून मस्टर्ड गॅस फवारला गेला. विषारी वायू वापरणार नाही हा करार 1925 मध्ये याच गावात झाला होता आणि त्यावर इटलीची सही होती. रेड क्रॉसच्या स्विस डॉक्टरांनी भाजलेली माणसं डोळ्यांनी पाहिली. संघाने पुरावा मागितला तेव्हा रेड क्रॉसने तटस्थतेचं कारण सांगून तो दिला नाही.

5 मे 1936 ला अदिस अबाबा पडलं. 30 जूनला सम्राट इथे बोलायला उभे राहिले तर इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. रुमानियाचे तितुलेस्कू ओरडले, "हाकला या रानट्यांना बाहेर!" मग सम्राट अम्हारिकमध्ये बोलले. 15 जुलैला निर्बंध उठले.

आता दादाने सोडलेलं सांगते. कमला नेहरू 28 फेब्रुवारी 1936 ला लोझानमध्ये गेल्या. ट्रेनने इथून चाळीस मिनिटं. नेहरू परत निघाले, वाटेत रोम होतं, आणि मुसोलिनीचे अधिकारी भेटीसाठी मागे लागले. बायकोच्या दुःखात असलेला, गुलाम देशाचा माणूस. त्याने भेट नाकारली ती नाकारलीच. 9 मे ला काँग्रेसने देशभर ॲबिसिनिया दिन पाळला. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांना बरोबर कळलं होतं. आज हातात थोडं आल्यावर "बळी तो कान पिळी" हा आम्हाला धडा वाटतो. आणि आमचे अण्णा आजोबा? गडहिंग्लजहून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 1941 मध्ये एरिट्रियात, तेव्हाच्या इटलीच्या वसाहतीत, केरेनच्या डोंगरावर इटलीशी लढले. त्यांचं मेडल दादाच्याच शोकेसमध्ये आहे, गणपतीच्या शेजारी.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मोठा मेसेज झाला. लिहिताना बरं वाटत होतं, थोडं जास्तच.

दादाला न लिहिलेलंही काही आहे. स्वित्झर्लंडने 1936 च्या डिसेंबरातच इटलीचा ॲबिसिनियावरचा ताबा मान्य करून टाकला, पहिल्या काही देशांत. 1937 मध्ये लोझान विद्यापीठाने मुसोलिनीला मानद डॉक्टरेट दिली. माझ्या नागरिकत्वाच्या मुलाखतीत कँटन, म्हणजे इथले प्रांत, विचारले, एस्कालादच्या सणातली चॉकलेटची मार्मिट विचारली, नद्या विचारल्या. हे कोणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

माझ्या मुलाखतीच्याच वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या सामाईक धुण्याच्या खोलीवरून भांडण झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा गुरुवार ठरलेला होता. एके दिवशी खाली पाळ्यांच्या तक्त्यावर त्यांचं नाव पेनने खोडलेलं आणि वर पाचव्या मजल्यावरच्या मुश्यूंचं. त्या बाई एरिट्रियाच्या, नेमक्या केरेनच्या. पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा मी उत्साहाने सांगितलं होतं की माझे आजोबा तिथे लढले. त्या म्हणाल्या, "माझेही. इटलीकडून."

दोघांनीही मला मध्ये बोलावलं, कारण मी "न्यूत्र", म्हणजे तटस्थ. खोडलेलं नाव मला दिसत होतं. पण माझा नागरिकत्वाचा अर्ज कम्युनकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, होता, आणि मुश्यूंच्या तिथे ओळखी होत्या. मी म्हटलं, गुरुवार सकाळ मुश्यूंना, संध्याकाळी बघू, आणि मादामना त्याऐवजी रविवार. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी मशीन लावायला बंदी आहे. हे मला माहीत होतं. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मेर्सी म्हणाल्या आणि किल्ली ठेवून वर गेल्या.

पासपोर्ट पुढच्या मार्चमध्ये आला. त्यांना शेवटी मंगळवारची रात्र मिळाली, जी कोणालाच नको होती. दादाचं उत्तर आलं तेव्हा मंगळवारच होता. "बरीच माहिती आहे गं तुला. पण तू आता तिकडचीच झालीस," असं त्याने लिहिलं होतं. मी काय लिहावं ते ठरवत बसले होते आणि खालून मशीनचा आवाज येत होता. दहा वाजता बंद करावं लागतं, म्हणून त्या पिळणं अर्धवट सोडून ओले कपडे जिन्याने वर नेतात.