हळदीच्या ओढणीवरचे लाल डाग: रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पिवळी ओढणी पहिल्याच धुण्यात लाल डागांनी भरली म्हणून आम्ही नॅचरलच्या नावाखाली केमिकल रंग खपवतो, वर तुरटी-हिराकस (हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार) टाकतो हे स्वतःच टॅगवर छापतो, असं तुमचं म्हणणं.

डागांचा फोटो झूम करून बघितला. ठिपके ठिपके आहेत, डिटर्जंट पावडर न विरघळता कापडावर पडली की असंच होतं. ओढणीला आधी डाळिंबाच्या सालीचा रंग दिलाय आणि वर झळाळीसाठी हळदीचा हात, आणि हळदीला सोडा, साबण, चुना काहीही लागलं की ती लाल होणारच, हळद-चुन्याचं कुंकू असंच तर होतं ना! म्हणजे डाग उलट आमच्याच बाजूने साक्ष देतायत :) थोडं लिंबू पाण्यात पिळून एका डागावर थेंब टाका, डोळ्यांदेखत पिवळा होईल, मग साध्या पाण्यात खळबळून काढा. फक्त काळ्या काठाला लिंबू लागू देऊ नका हां, तो हिरडा आणि हिराकशीचा आहे, आंबटाने फिका पडला की गेलाच. आणि वाळवायचं सावलीत, शर्टावरचा वरणाचा डाग उन्हात उडतो तशीच ही हळदही उडते, ते टॅगवर आहे.

आता तुरटी. सुती कापडावर मंजिष्ठेसारखे (मंजिष्ठ म्हणजे लाल रंग देणारी मुळी) रंग नुसते उकळून टिकत नाहीत, धुण्यात निघून जातात. आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, तेव्हा कुठे रंग धागा धरतो, अजरख आणि कलमकारी ही पारंपरिक कापडं रंगवणारे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा-तुरटी वापरतायत, आम्ही काही नवीन शोधलेलं नाही. मंजिष्ठ तर तुरटीवर लाल येते आणि हिराकशीवर जांभळट. निळीला तुरटी लागत नाही, तिचं सगळं तंत्रच वेगळं. "केमिकल-फ्री" हा शब्द आमच्या पेजवर कुठेही सापडणार नाही, मुद्दाम लिहीत नाही.

गेरूच्या झोळीचा रंग हाताला लागतो म्हणालात, तो थोडा लागतो. गेरू ही माती, विरघळत नाही, सोयाबीनच्या दुधाने कापडावर धरून ठेवतो एवढंच, त्यामुळे ती घासून धुऊ नका.

पैसे परत मिळणार नाहीत, पण लिंबाने डाग गेले नाहीत तर ओढणी पाठवा, पुन्हा रंगवून देऊ, कुरियर आमच्याकडून. पाठवताना कोणती पावडर वापरली तेवढं चिठ्ठीवर लिहा.