डोळे डोक्याच्या मधोमध असतात

शाळेत कार्यक्रम असला की फळ्याच्या कडेनं वेलबुट्टी काढायला जिला बोलावतात, वर्गातल्या निम्म्या वह्यांमधली हृदयं आणि मूत्रपिंडं जिच्या हातची असतात, त्या मुलीला आपल्याला चित्र काढता येतं असं वाटणं स्वाभाविक आहे. मला तसं वाटत होतं, घरच्यांनाही वाटत होतं. म्हणून ऐन सुट्टीत माझी रवानगी 'निवडक विद्यार्थ्यांसाठी सखोल उन्हाळी कला अभ्यासक्रम' अशा लांबलचक नावाच्या प्रकरणात झाली. त्यातला 'सखोल' हा शब्द कुणी फारसा मनावर घेतला नव्हता.

संकटाची चाहूल खरं तर अर्जातच होती. सोबत आपली चित्रं जोडायची होती आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती: फोटोवरून काढलेली चित्रं नकोत, कार्टून नकोत, नटनट्या नकोत. माझ्या आजवरच्या कलासाधनेतून एवढं वजा केल्यावर एका चपलेचं चित्र उरलं. तेही एकाच पायातल्या. मग घाईघाईनं आजोबांची काठी काढली, दाराची कडी काढली आणि झोपलेले आजोबा काढले. (जागे आजोबा हलतात.) एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली याचा अर्थ निवडीचे निकष काय होते, यावर मी आजही विचार करते.

मग सामानाची यादी आली. चारकोलच्या काड्या, जाड आणि बारीक. पेन्सिली टू एचपासून एट बीपर्यंत. मळता येणारा खोडरबर. न्यूजप्रिंटचा गठ्ठा. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून फवारायचं फिक्सेटिव्ह, मोठ्या क्लिपा, एक जुना शर्ट आणि कागद लावायचा लाकडी बोर्ड. हा बोर्ड एवढा मोठा असतो की तो काखेत मावत नाही, डोक्यावर शोभत नाही, आणि वारा सुटला की त्याचं शीड होऊन मालकाला भलत्याच दिशेला नेतं. तिथल्या जिन्यात कुणाच्या बोर्डाचा कोपरा कुणाच्या बरगडीत, अशा पद्धतीनं आम्हा मुलांच्या ओळखी झाल्या.

पहिल्या दिवशी मॅडमनी स्वतःचा हात काढायला सांगितला. मी मनात म्हटलं, एवढंच? मग अटी कळल्या. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही आणि डोळा जितक्या हळू सरकेल तितक्याच हळू रेघ सरकवायची. शेवटी खाली पाहिलं तर बोटं मोजून पाचच होती, पण अंगठा मनगटातून निघाला होता आणि करंगळी कागद सोडून बोर्डावर गेली होती. मॅडम खूश! "बघ, ही रेषा खरी आहे." मग त्यांनी माझी जुनी वही चाळली. त्यात तासन्‌तास खपून काढलेल्या गुळगुळीत पोरी होत्या. "आणि ही रेषा घाबरलेली आहे."

मॅडमचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं: माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. ऐकायला सोपं आहे. पण माणसाला किती गोष्टी उगाचच माहीत असतात ते तिथे कळतं. डोळा बदामी असतो, हे माहीत असतं. झाड हिरवं असतं, हेही. चेहऱ्यावर डोळे वरच्या बाजूला असतात, हे तर लहानपणापासून माहीत असतं. मॅडमनी पट्टी लावून दाखवलं: डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे बरोबर मधोमध येतात. वर्गातल्या एकालाही हे पटलं नाही. सगळ्यांनी एकमेकांची डोकी मोजली. मधोमध! आमच्या सगळ्यांच्या जुन्या चित्रांतली माणसं बघितली तर त्यांच्या भुवयांवर मेंदूसाठी काही जागाच ठेवलेली नव्हती.

मोजायची पद्धतही शिकवली. हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवत माप घ्यायचं. उभ्या माणसात त्याचं स्वतःचं डोकं साधारण साडेसात वेळा बसतं. ही खोड लागली की सुटत नाही. थांब्यावर समोर उभ्या असलेल्या एका गृहस्थांचं डोकं त्यांच्यात किती वेळा बसतं हे मी एक डोळा मिटून बघत होते. त्यांच्यासोबतच्या बाईंनी या कलासाधनेचा फार वेगळा अर्थ घेतला.

मग खुर्ची आली. दोन खुर्च्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या, आणि हुकूम असा की खुर्ची काढायची नाही. खुर्चीच्या पायांमधून, पाठीच्या दांड्यांमधून जी रिकामी जागा दिसते तिचे आकार काढायचे. खुर्ची आपोआप उमटते. याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात. रात्री घरून फोन आला.

"आज काय काढलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"दिवसभर?"

"अगं, म्हणजे खुर्चीत जे काही नाही, ते काढलं."

पलीकडे थोडी शांतता. मग आई हळूच म्हणाली, "जेवण वेळेवर होतंय ना?"

दिवस सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि पाचला संपायचा असं वेळापत्रकात छापलेलं होतं. रात्री 'ओपन स्टुडिओ' असायचा. तो ऐच्छिक होता. उद्या सकाळी भिंतीवर काय लावणार, एवढंच ज्याला-त्याला मॅडम जाता जाता विचारायच्या, आणि सगळे आपापल्या इच्छेनं रात्री दहापर्यंत उभे राहायचे. हो, उभे! इझलसमोर बसलं की हात मनगटातून हलतो, उभं राहिलं की खांद्यातून हलतो, असं शास्त्र आहे. पोटऱ्यांचं शास्त्र कुणी विचारात घेतलेलं नाही.

चारकोल हा पदार्थ चित्रकारांनी स्वखुशीनं निवडला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. विलो नावाच्या झाडाच्या काटक्या हवा न लागू देता जाळायच्या की झाला चारकोल. तो कागद सोडून सगळ्याला चिकटतो. रात्री नाक शिंकरलं की रुमालावर दिवसभराचा अभ्यास दिसायचा. आमच्यात घोडेच काढणारी एक मुलगी होती (समोर काहीही ठेवा, तिच्या कागदावर घोड्याची मान यायचीच). तिनं मोबाइलवर काळ्या बोटांनी इतके ठसे उमटवले होते की मॅडमनी तो मोबाइलच टोनल स्टडी, म्हणजे गडद-फिक्या छटांचा अभ्यास, म्हणून दाखवला. खोडायचं म्हटलं तर रबर येण्याआधी लोक पावाच्या मऊ गरानं खोडत. पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या एका नव्या पदार्थाची नोंद जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानं १७७० मध्ये केली, तोच रबर. म्हणजे त्यापूर्वीच्या विद्यार्थ्याला चूक झाली तर खोडता यायचं आणि खूपच चूक झाली तर खाऊन टाकता यायचं. आमच्या वाट्याला मळायचा खोडरबर आला. त्याचे हत्ती, उंदीर, मॅडमचं नाक असे काय काय प्रकार होत. माझं त्या काळातलं सगळ्यात चांगलं शिल्पकाम त्यातच आहे.

पेन्सिलीच्या नंबरांचं श्रेय मात्र एका युद्धाला द्यावं लागतं. फ्रान्सचं इंग्लंडशी फाटलं, तिकडून येणारं चांगलं ग्रॅफाइट बंद झालं. मग निकोला-जाक काँतेनं हाती असलेल्या ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून ती भाजली आणि १७९५ मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त तर शिसं कडक (ते एच), कमी तर मऊ आणि काळं (ते बी). मी जन्मभर एचबी एके एचबी करत आले होते. एट बी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कळलं की माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या रात्री राखाडी होत्या.

लाइफ ड्रॉइंगला आमच्याकडे पूर्ण कपड्यांतली मॉडेल असायची. सुरुवात तीस सेकंदांच्या पोझनं. डोकं कुठून सुरू करावं हे ठरेपर्यंत "बदला!" ऐकू यायचं. पानंच्या पानं नुसत्या वळवळत्या रेघांनी भरली. नंतर वीस मिनिटांची पोझ, मध्ये विश्रांती. पाय कुठे होते ते कळावं म्हणून जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करतात. हनुवटीला खुणा करता येत नाहीत. त्यामुळे विश्रांतीनंतर बाई परत उभ्या राहिल्या की "थोडं डावीकडे", "नाही, वर", "आधी केस मागे होते" असा गलका. माझ्या चित्रातल्या बाईंना शेवटी दोन हनुवट्या आल्या. विश्रांतीपूर्वीची एक आणि नंतरची एक.

एकदा मॉडेल आल्या नाहीत आणि आम्हालाच आळीपाळीनं उभं केलं. माझ्या आधीच्या मुलानं आडवं पडून डोळे मिटले. मला तो आळशी वाटला. मी एक हात आकाशाकडे करून उभी राहिले. पुढच्या काही मिनिटांत जगभरच्या संग्रहालयांत इतक्या बायका उशीला टेकून का लोळत असतात, हे कोडं सुटलं. त्या हुशार होत्या. मॅडमनी दिलासा म्हणून व्होलारची गोष्ट सांगितली. हा पॅरिसचा चित्रविक्रेता १८९९ मध्ये चित्रकार सेझानसमोर स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला. स्टुलावर डुलकी लागून खाली पडला, तर सफरचंद कधी हलतं का, म्हणून सेझाननं त्यालाच झापलं. त्यानंच सांगितलंय की ११५ बैठकांनंतर सेझाननं चित्र अर्धवट सोडलं आणि सदऱ्याचा पुढचा भाग बरा जमलाय म्हणाला. यात दिलासा कुठे होता ते मला अजून सापडलेलं नाही, पण त्यानंतर मी हात खाली घेतला नाही.

या सगळ्यापेक्षा अवघड तास होता क्रिटिकचा, म्हणजे एकमेकांच्या चित्रांवर बोलायचा. सगळी चित्रं भिंतीवर टाचायची, समोर अर्धवर्तुळात बसायचं आणि गप्प बघत राहायचं. 'छान आहे' म्हणायला बंदी. 'आवडलं' लाही बंदी. मग माणूस काय म्हणणार? सुरुवातीला कुणी काहीच म्हणत नसे. हळूहळू सगळ्यांना एक भाषा फुटली. "हा कोपरा बाकीच्या चित्राशी बोलत नाही." "इथे मला एक ताण जाणवतो." "तू हे अपुरं ठेवलंस की ते अपुरं राहिलं?" शेवटचा प्रश्न फार वाईट आहे; तो घराची झाडलोट, प्रेम, गणिताचा पेपर कशालाही लागू पडतो.

काळे कपडे घालणारा एक मुलगा होता. त्याच्या कागदावर नुसते फरकाटे, बोटांचे डाग आणि कोपऱ्यात एक फिकट चौकोन. त्यावर इतकी चर्चा झाली! कुणाला पाऊस दिसला, कुणाला विरह. माझं योगदान 'स्मृतीची धूळ' एवढंच होतं. बोलायची पाळी आली तेव्हा तो घाबरत म्हणाला की हा बोर्डाला खाली लावायचा, हात पुसायचा कागद आहे. चित्र त्याच्या मागे टाचलंय. मॅडमनी उठून पाहिलं. मागे कडीपासून टोपणापर्यंत व्यवस्थित काढलेला पाण्याचा एक जग होता. त्यांनी पुन्हा पुढचाच कागद वर केला आणि म्हणाल्या, "हाच राहू दे."

रंगांच्या आठवड्यानं मात्र मला आयुष्याला पुरेल अशी एक सबब दिली. पॅरिसमधल्या गोब्लँच्या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा रंग हवा तसा काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी जे निळे-जांभळे धागे होते त्यांच्यामुळे काळा मार खात होता. हे त्यानं १८३९ मध्ये सविस्तर छापलं. त्यानंतर माझ्या चित्रातला कुठलाही रंग बिघडला की मी शांतपणे सांगू लागले, "मॅडम, याची चूक नाही. शेजार वाईट आहे."

शेवटचं काम आत्मचित्र. भला मोठा कागद, समोर आरसा, हातात चारकोल. पहिल्या तासाला सगळे आरशात हसत होते. पण हसू तासभर धरून ठेवता येत नाही. गाल थरथरतात आणि मग ओघळतात. त्यामुळे प्रदर्शनाच्या भिंतीवर जी रांग लागली तिच्यात प्रत्येक मूल कपाळाला आठ्या घालून, बघणाऱ्यावर खटला भरायच्या तयारीत असल्यागत उभं होतं. चित्र आरशात उलटं बघितलं की चुका पटकन कळतात, हे लिओनार्दोनं लिहून ठेवलंय. मी आरशातलं चित्र आरशात बघितलं. नाक दोन्हीकडून वाकडं होतं.

प्रदर्शनाला घरचे सगळे आले. मी मुद्दाम लांब उभी राहिले. बाबा रांगेतून एकेक चेहरा न्याहाळत आले, माझ्यासमोर थांबले आणि ओरडले, "अरे, ही तर ताई!"

आई जवळ जाऊन म्हणाली, "खरंच की. डोळ्यांतला भाव तर अगदी वन्संचा."

आजोबांनी चष्मा वर केला. "तरुणपणी ती अशीच दिसायची. अशीच बघायचीसुद्धा."

आत्या मागून येत होतीच. ती बराच वेळ बघत राहिली. डोळे मधोमध, कपाळाला आठ्या, दोन्हीकडून वाकडं नाक. खालच्या चिठ्ठीवर 'आत्मचित्र' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण आमच्या घराण्यात चिठ्ठ्या वाचायची पद्धत नाही.

"नाक जरा जास्त झालंय," ती म्हणाली, "पण राहू दे."

चित्र तिनं नेलं. काच लावून बैठकीत टांगलं. चिठ्ठी फ्रेमवाल्यानं काढून टाकली. मॅडमच्या इतक्या मेहनतीनंतर, येणाऱ्या प्रत्येकाला आता आत्या अभिमानानं सांगते, "भाचीनं काढलंय माझं. मी समोर बसलेसुद्धा नव्हते हो, नुसतं आठवून काढलं!"