ज्यूरी असती तर?

मुंबईच्या २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांत खालच्या कोर्टाने दोषी धरलेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये निर्दोष ठरवलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन शेरे आले. एक, ‘मग १८०हून अधिक माणसं मारली कोणी?’ दुसरा काकांचा, ‘अमेरिकेसारखी ज्यूरी असती तर हे सुटलेच नसते.’

पहिला प्रश्न रास्त आहे, पण कोर्टापुढे तो नव्हता. काकांचं मात्र मी बॉस्टनला राहून ऐकून घेऊ शकत नाही.

इथली ज्यूरी, म्हणजे निकाल द्यायला निवडलेली साधी माणसं, ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढंच सांगते. कुठल्या साक्षीदारावर विश्वास ठेवला आणि का, हे लिहून देत नाही. बंद खोलीत काय झालं ते अपिलात उकरता येत नाही. मग अपिलात वकील बोट ठेवतात कशावर? खोलीत पाठवण्याआधी न्यायाधीशांनी ज्यूरीला ‘वाजवी संशय’, म्हणजे जो उरला तर आरोपीला सोडावंच लागतं तो संशय, कसा समजावला, त्यावर. लुईझियानातल्या एका न्यायाधीशाने सांगितलं होतं की हा संशय म्हणजे गंभीर अनिश्चितता. १९९०मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं, कारण आरोपी सुटायला एवढ्या मोठ्या संशयाची गरजच नसते. १९९३मध्ये, ‘सुलिवन विरुद्ध लुईझियाना’ खटल्यात, कोर्ट एकमताने आणखी पुढे गेलं. सूचनाच अशी चुकली असेल तर पुरावा कितीही भक्कम असो, शिक्षा टिकत नाही, कारण खरा ज्यूरीचा निकाल झालेलाच नसतो. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८५०च्या एका खुनाच्या खटल्यातली सूचना २०१५पर्यंत चालली, तेव्हा कुठे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सोपी करून दिली.

शब्दांबद्दलचा हा काटेकोरपणा मला आवडतो. पण नीट पाहिलं तर तो नाइलाजातून आलाय. कारणंच दिसत नसतील तर तपासायला दुसरं उरतं काय?

आणि काका, ज्यूरी आपल्याकडेही होती की! १९५९मध्ये मुंबईत, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांना तिने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथे निघालं की चूक न्यायाधीशांच्याच सूचनांत होती : गोळी अपघाताने सुटली हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर आहे, हे ज्यूरीला सांगितलंच नव्हतं. नानावटींना जन्मठेप झाली, १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. अमेरिकेत हे घडलंच नसतं. इथे ज्यूरीने सोडलेला माणूस सुटला तो सुटला, सूचना कितीही चुकलेल्या असोत. म्हणजे काकांच्या ज्यूरीने बारा जणांना सोडलं असतं, तर त्यावर अपीलही करता आलं नसतं.

उलट लोकल स्फोटांचा निकाल कुणालाही वाचता येतो. कबुलीजबाब का नाकारले, ओळखपरेड का टिकली नाही, सगळं लिहिलेलं आहे. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. पटलं नाही तर मुद्दा धरून भांडता येतं. राज्य सरकार त्याच बळावर सुप्रीम कोर्टात गेलंय.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. खालच्या कोर्टाने २०१५मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्यावर हायकोर्टाचा निकाल यायला जवळजवळ दहा वर्षं लागली, आणि फाशीच्या पाचांपैकी एक जण २०२१मध्ये तुरुंगातच कोविडने गेला. त्याच्याबद्दल ग्रुपवर अजून कुणी शेरा टाकलेला नाही.